गुडघ्याच्या दुखापतीनंतर परतणाऱ्या खेळाडूची बेसलाइन टेस्ट नेमकी केव्हा घ्यायची?

क्रीडाशिक्षक_दारव्हा

नमस्कार मंडळी. आमच्या गावच्या कबड्डी मंडळात २२ खेळाडू आहेत, १४ मुलं आणि ८ मुली, वय १५ ते २३. यंदा पहिल्यांदाच सगळ्यांची बेसलाइन टेस्ट घेऊन वहीत लिहून ठेवायची आहे. उद्या कोणाचा गुडघा गेला तर तो आधी कसा होता हे आकड्यात हाती असावं, एवढाच हेतू. अडचण वेळेची आहे. पोळा झाला की सराव जोरात सुरू होतो. सप्टेंबरच्या शेवटी सोयाबीन सोंगणी लागते, मागोमाग कापूस वेचणी. दिवाळीपासून गावोगावचे सामने, २६ जानेवारीला आमच्याकडचा मोठा सामना आणि महाशिवरात्रीपर्यंत हंगाम.

दोन खेळाडू आधीच दुखापतीत आहेत.

पहिला मुलगा, १९ वर्षं, ६२ किलो, रेडर. उजव्या गुडघ्याचं एसीएल (सांध्याच्या आत मधोमध असलेलं, हाडं जोडणारं लिगामेंट) तुटलं, १० एप्रिलला ऑपरेशन झालं. डिस्चार्ज कार्डावर हॅमस्ट्रिंग ग्राफ्ट (मांडीच्या मागच्या स्नायूची कंडरा घेऊन बसवलेलं लिगामेंट) लिहिलंय, मेनिस्कसला (गुडघ्यातल्या कूर्चेच्या गादीला) टाके नाहीत. आज साडेचार महिने झाले. चालणं, जिना, सायकल सगळं न दुखता होतं. दिवाळीत खेळतो म्हणतो.

दुसरी मुलगी, १६ वर्षं, कॉर्नरला खेळते. डाव्या गुडघ्याचं आतल्या बाजूचं लिगामेंट, एमसीएल ग्रेड २, म्हणजे अर्धवट फाटलेलं. ऑपरेशन नाही, ५ आठवडे झाले.

साधनं म्हणाल तर टेप, स्टॉपवॉच, मोबाइल, फक्की, शाळेचा व्हरांडा आणि मातीचं मैदान. ताकद मोजायचं आयसोकायनेटिक मशीन जवळपास कुठे नाही. चांगल्या खेळाडूंची टेस्ट कधी घ्यावी, या दोघांची कधी, आणि मशीनशिवाय कशी, ते सांगा.

फिजिओ_हिंगणघाट

सर, बेसलाइन या एका शब्दात तुम्ही तीन वेगवेगळी कामं धरली आहेत. निरोगी खेळाडूची हंगामाआधीची नोंद हे एक. दुखापत झालेल्याच्या चांगल्या पायाची नोंद हे दुसरं. आणि दुखऱ्या पायाची टप्प्याटप्प्याची टेस्ट हे तिसरं. तिघांची वेळ वेगळी आहे.

सगळ्यात घाई दुसऱ्या कामाची आहे, आणि नेमकं तेच मागे पडतं. परत खेळायला सोडताना आपण दुखऱ्या पायाचा आकडा चांगल्या पायाच्या आकड्याने भागतो आणि ९० टक्के आले की पास म्हणतो. पण ऑपरेशननंतर खेळाडू सहा-आठ महिने पळत नाही, उड्या मारत नाही, तेव्हा चांगल्या पायाचीही ताकद उतरते. समजा दुखापतीआधी त्या पायाचा जोर १७० होता. नऊ महिन्यांनी तो १४५ वर आला आणि दुखरा पाय १३२ वर. १३२ भागिले १४५ म्हणजे ९१ टक्के, पोरगा पास. तोच १३२ जुन्या १७० शी ताडून पाहा, ७८ टक्केसुद्धा भरत नाही. म्हणून चांगल्या पायाची मोजणी दुखापतीनंतर लगेच, शक्यतो ऑपरेशनच्या आधी करायची असते. त्या पायाला काही झालेलं नसतं, थांबायचं कारण नसतं.

तुमच्या मुलाची ती वेळ गेली. तरी डाव्या पायाची मोजणी या आठवड्यातच करा. पुढे व्यायामाने त्या पायाचा आकडा वाढला तर तुलनेला कायम सर्वांत मोठा आकडा धरायचा, ताजा नाही. मुलीच्या उजव्या पायाचंही आताच मोजा. ५ आठवड्यांत फार उतरलं नसेल.

दुखऱ्या पायाला मात्र आधी चार दारं पार करावी लागतात. ती उघडी नसतील तर ताकदीची टेस्ट त्या दिवशी घ्यायचीच नाही.

पहिलं, सूज. खेळाडूला उताणं झोपवा, गुडघा सरळ, मांडी सैल. सांध्याच्या आतल्या बाजूला, वाटीच्या खालून वर मांडीकडे तळहाताने दोन-तीनदा पाणी सरकवल्यासारखं निपटा. मग बाहेरच्या बाजूने वरून खाली एकदाच हात फिरवा आणि आतल्या खळग्याकडे बघत राहा. तिथे लाट उठली नाही तर सूज शून्य. बारीक लाट दिसली तर किंचित. खळगा फुगला तर १. तुम्ही हात न लावता पाणी आपोआप परत आलं तर २. पाणी हलतच नसेल तर ३. १ पर्यंत ताकद मोजता येते. उड्या आणि पळण्यासाठी शून्य किंवा किंचितच हवी. खिडकीच्या उजेडात, तिरप्या नजरेने बघा. ट्यूबलाइटखाली बारीक लाट हुकते.

दुसरं, गुडघा पूर्ण सरळ होणं. पालथं झोपवून गुडघ्याच्या खालचे पाय बाकाच्या बाहेर लोंबू द्या आणि दोन्ही टाचांच्या उंचीतला फरक मोजा. साधारण १ सेंटिमीटर फरक म्हणजे सांध्यात १ अंशाची उणीव. २ सेंटिमीटरच्या वर फरक असेल तर आधी तेच काम. पाय पूर्ण सरळ न होणाऱ्या गुडघ्याची मांडी भरत नाही, कितीही व्यायाम करा.

तिसरं, वाकणं. टाच ढुंगणाकडे ओढून अंतर मोजा, दोन्ही बाजू जवळपास सारख्या हव्यात.

चौथं, दुखणं. रोजच्या कामात १० पैकी २ च्या आत. आणि टेस्टच्या आदल्या २४ तासांत वेदनाशामक गोळी नको. गोळी खाऊन दिलेल्या टेस्टचा आकडा वहीत लिहूच नका.

दिवाळीचं विचाराल तर सरळ नाही. दिवाळीला त्याला सातच महिने होतील. एसीएलच्या जागी बसवलेला ग्राफ्ट पहिल्या दीड ते तीन महिन्यांत सर्वांत कच्चा असतो आणि त्यानंतरही कित्येक महिने तो हळूहळू लिगामेंटसारखा घडत असतो. बाहेरून गुडघा छान दिसतो, आतलं काम चालूच असतं. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या डेलावेअर-ऑस्लो अभ्यासात दिसलं की नवव्या महिन्यापर्यंत परतणं जितके महिने पुढे ढकललं, त्या प्रत्येक महिन्यामागे पुन्हा दुखापत होण्याचं प्रमाण सुमारे निम्म्याने घटलं. त्यातच टेस्ट पास न होता परतलेल्यांपैकी ३८ टक्के पुन्हा जखमी झाले, पास होऊन परतलेल्यांपैकी साडेपाच टक्क्यांच्या आसपास. तारीख आणि टेस्ट, दोन्ही लागतात. यातली एक पुरत नाही.

लाल_माती_उमरेड

ताईंनी गुडघ्याचं सांगितलं, मी चांगल्या पोट्ट्यांच्या वेळेचं सांगतो.

पहिल्या दिवशी मैदानात उतरलेल्या खेळाडूची बेसलाइन घेऊ नका. चार महिने बसून आलेल्याचा आकडा कमी येतो, आणि पुढे दुखापतीतून उठला की तो कमी आकडा सहज गाठून पास होतो. आपल्याला सामना खेळायच्या तयारीतला आकडा हवा. म्हणजे निदान ३ आठवडे नियमित सराव झाल्यावर.

पण तेवढ्यात सोयाबीन येतं. थ्रेशरवर दिवसभर पोती उचललेल्या किंवा वाकून सोंगणी केलेल्या पोराची मांडी आणि कंबर दोन दिवस ताळ्यावर नसते. त्या पंधरवड्यात टेस्ट घेतली तर निम्म्या टीमचे आकडे खोटे पडतात, आणि खोटे पडलेत हे कळायलाही मार्ग नसतो. म्हणून सराव पोळ्याच्या तीन आठवडे आधी, हलका का होईना, सुरू करा आणि पोळ्यानंतरच्या आठवड्यात टेस्ट उरका. निंदण-डवरणी आटोपलेली असते, सोंगणी लागायची असते. पोट्टे मोकळे असतात. मैदान ओलं असेल म्हणून घाबरू नका, ताकद आणि उड्या आत घेता येतात. धावण्याच्या टेस्ट तेवढ्या माती सुकल्यावर.

टेस्ट दोनदा घ्या, आठवड्याच्या अंतराने, आणि दुसरी खरी धरा. पहिल्या वेळी खेळाडू एका पायावर उडी मारायची रीत शिकत असतो. त्याने नुसत्या सवयीने १०-१५ सेंटिमीटर वाढतात. पहिलीच नोंद धरली तर ती वाढ पुढे गुडघा सुधारल्याची म्हणून खपते.

बाकी पथ्यं अशी. शेवटच्या जोरदार सरावानंतर ४८ तास मोकळे. वेळ कायम तीच, सकाळी ६ ते ८ ठेवा. एप्रिल-मेमध्ये फेरटेस्ट आली तर आपल्याकडच्या उन्हात आठनंतर काहीच घेऊ नका. जागा तीच. अनवाणी खेळणाऱ्याची अनवाणी, बूटवाल्याची त्याच बुटात. वॉर्मअप १० मिनिटांचा, सगळ्यांना एकच.

मोठ्यांची नोंद एक हंगाम चालते. पंधरा ते सतरा वर्षांच्या पोरांची दर ३-४ महिन्यांनी नवी करा. वजन आणि पायाची लांबी बदलते, तर जुना आकडा कशाशी ताडणार?

आता ताकद. मशीन नसलं तरी गावात कापूस तोलायचा लटकता डिजिटल काटा असतोच, १०० किंवा २०० किलोचा. तोच वापरा.

लोखंडी खांबाला टेकून जड लाकडी बाक लावा, बाक खांबालाच बांधून टाका. खेळाडू खांबाकडे पाठ करून बसेल, गुडघा ९० अंशांत, पाय जमिनीला लागू नये. घोट्याच्या बाहेरच्या हाडापासून ५ सेंटिमीटर वर रुंद पट्टा. पट्ट्याला मागून काटा, काट्यापासून खांबापर्यंत न ताणला जाणारा पट्टा. सगळं एका रेषेत, जमिनीला समांतर आणि नडगीला काटकोनात. मांडीवरून दुसरा पट्टा बाकाला आवळा, नाहीतर तो ढुंगण उचलून जोर लावतो. हात छातीवर घडी. हळूहळू दोन सेकंदांत जोर चढवायचा, मग तीन सेकंद पूर्ण जोर धरायचा. आधी ५० आणि ७५ टक्क्यांनी एकेकदा सराव, मग तीन खऱ्या खेपा, मधे एक मिनिट विश्रांती. सर्वांत मोठा आकडा घ्यायचा. चांगला पाय आधी.

किलोचा आकडा तसाच लिहू नका, कारण लांब नडगीच्या पोराला कमी किलो दिसतात. गुडघ्याच्या सांध्याच्या फटीपासून पट्ट्याच्या मध्यापर्यंतचं अंतर मीटरमध्ये मोजा. किलो गुणिले ९.८१ गुणिले ते अंतर म्हणजे न्यूटन-मीटर. त्याला वजनाने भागा. समजा काटा ४८ किलो, अंतर ०.३६ मीटर, वजन ६२ किलो. ४८ × ९.८१ × ०.३६ म्हणजे १६९.५ आणि भागिले ६२ म्हणजे २.७३. हा २.७३ वहीत लिहायचा. पुढच्या खेपेला पट्टा नेमक्या त्याच जागी यावा म्हणून ०.३६ सुद्धा लिहून ठेवा.

क्रीडाशिक्षक_दारव्हा

भाऊ, फार उपयोगाचं सांगितलं. काटा जमवला आणि तीन निरोगी मुलांवर करून पाहिलं. एकाच मुलाच्या एकाच पायाचे तीन आकडे ४१, ५५, ४७ आले. एवढा फरक कसा? काटा ५५ वर गेला आणि तिथेच थांबून राहिला.

लाल_माती_उमरेड

तो झटका आहे, सर. पोरगा पट्टा ढिला सोडून एकदम लाथ मारतो, काट्याला क्षणभर ५५ दिसतात आणि काटा ते धरून ठेवतो. माल तोलायच्या काट्यात आकडा स्थिर झाला की गोठवायची सोय असते, तीच इथे घात करते. होल्ड बंद करा. बंद होत नसेल तर मोबाइल स्टँडवर लावून काट्याच्या पडद्याचा व्हिडिओ काढा आणि नंतर थांबवत थांबवत पाहा. जो आकडा निदान एक सेकंद टिकला तोच खरा. सुरू करण्याआधी पट्टा ताणून काट्यावर २-३ किलो दिसू द्या, म्हणजे झटक्याला जागाच राहत नाही.

पट्ट्याच्या जागी नायलॉनचा दोर बांधला असेल तर तोही काढा. तो ताणतो, गुडघा ९० वरून ७०-७५ अंशांत येतो आणि कोन बदलला की जोरही बदलतो. ट्रकवर माल आवळायचा रॅचेट पट्टा आणा. प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं असेल तर खुर्ची मागे वाकते, तेही बघा.

तीनपैकी दोन आकडे १० टक्क्यांच्या आत जमेपर्यंत खेपा घ्या, पण पाचाच्या वर नको. पाचव्यालाही जमलं नाही तर तो दिवस सोडा.

फिजिओ_हिंगणघाट

काट्याची रीत बरोबर आहे. त्यात माझ्या दोन गोष्टी.

एसीएलच्या मुलाची ही टेस्ट ९० अंशांतच घ्या. गुडघा सरळ करत नेत, म्हणजे ४५ अंशांपासून शून्यापर्यंत, घोट्यावर वजन घेऊन जोर लावला की ग्राफ्टवर ताण वाढतो. ९० अंशांत जागच्या जागी लावलेला जोर ग्राफ्टला सोसतो. साडेचार महिन्यांना चालेल, तरी ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांना आधी विचारा. एक फोन पुरतो.

त्याचा ग्राफ्ट हॅमस्ट्रिंगचा आहे, म्हणून मांडीच्या मागच्या बाजूचं वेगळं मोजा. पालथं झोपवून गुडघा ९० अंश, काटा पायांकडच्या खांबाला, टाच ढुंगणाकडे ओढायची. हा ग्राफ्ट घेतल्यावर खोल वाकलेल्या स्थितीत मागचा स्नायू कमी पडतो. बसून किंवा ३० अंशांत मोजलं तर ती उणीव झाकून जाते. पहिल्या खेपेला पूर्ण जोर लावू देऊ नका, मागून चमक निघू शकते.

आता त्याचे आकडे काय सांगतील ते. मांडीची पुढची ताकद डाव्याच्या ७० टक्क्यांखाली असेल तर पळणंसुद्धा थांबवा. ७० च्या वर, सूज नाही, पाय पूर्ण सरळ होतो, तर सरळ रेषेत पळणं सुरू. ८० झाल्यावर दोन पायांच्या उड्या, मग एका पायाच्या. ९० आणि नऊ महिने दोन्ही पूर्ण झाल्यावर शेवटची टेस्ट. मधल्या टेस्ट ४ ते ६ आठवड्यांनी. दर आठवड्याला मोजून काही हाती लागत नाही. काट्याची आणि माणसाची मिळून चूकच ५-१० टक्के असते, ३ टक्के वाढले म्हणून आनंद आणि ३ घटले म्हणून काळजी, दोन्ही फुकट.

त्याची दुखापतीआधीची नोंद नाही याला आणखी एक आधार आहे, तुमची टीमच. ५८ ते ६६ किलोच्या निरोगी मुलांचे न्यूटन-मीटर प्रतिकिलो आकडे उतरत्या क्रमाने लावा आणि मधला घ्या. ९० टक्के साधूनही मुलगा त्या मधल्या आकड्याच्या बराच खाली असेल तर दोन्ही पाय कच्चे आहेत असं समजा.

मुलीचं सोपं आहे, पण वय सोळा म्हणून घाई नको. एमसीएल ग्रेड २ ला साधारण ४ ते ८ आठवडे लागतात. गुडघा ३० अंश वाकवून आत ढकलल्यावर दुखत नसेल आणि दोन्ही बाजूंनी सारखंच घट्ट लागत असेल, तरच पुढे. ही तपासणी फिजिओ किंवा डॉक्टरकडून करून घ्या, मैदानावर नको. ताकद ८० टक्के असेल तर सातव्या आठवड्यात उड्यांची टेस्ट. तिला बाजूला पाय टाकून थांबणं आणि पकडीत गुडघा आत दबणं याचीच भीती असते. सरळ पळता आलं म्हणून ती बरी झाली असं नाही.

क्रीडाशिक्षक_दारव्हा

मॅडम, उड्यांची टेस्ट नेमकी कशी? व्हरांड्यात शहाबादी फरशी आहे.

लाल_माती_उमरेड

ओलसर पायाला शहाबादी निसटते, आणि एका पायावर उतरणाऱ्या पोरासाठी तो धोका आहे. रबराची चटई चारही बाजूंनी टेपने चिकटवा. सतरंजी अजिबात नको. कोरड्या मैदानावर घेतली तर उत्तम, फक्त माती भुसभुशीत नको. आपल्या काळ्या मातीला पाऊस उघडल्यावर भेगा पडतात, तिथे मुरूम टाकून दाबलेला पट्टा निवडा.

चार उड्या असतात. एक, एकच लांब उडी. दोन, त्याच पायावर सलग तीन. तीन, १५ सेंटिमीटर रुंद पट्ट्यावरून आलटून-पालटून आडव्या तीन. चार, ६ मीटर अंतर एका पायावर कमीत कमी वेळात. पहिल्या तिन्हींत बोट रेषेमागे ठेवून सुरुवात, उतरल्यावर २ सेकंद स्थिर उभं राहायचं, मग टाचेपर्यंत माप. हात टेकला, दुसरा पाय टेकला, टाच सरकली, तर ती उडी बाद. सराव दोन, खऱ्या दोन, दोन्ही पायांच्या. मुली-मुलांना हात मोकळे ठेवा, पण वर्षभर तीच रीत.

६ मीटरची वेळ स्टॉपवॉचवर घेऊ नका. बोटाचा उशीर ०.२ सेकंदांपर्यंत जातो आणि पूर्ण टेस्टच दोन-अडीच सेकंदांची. मोबाइलचा व्हिडिओ काढून फ्रेम मोजा. ३० फ्रेमच्या व्हिडिओत एक फ्रेम म्हणजे ०.०३३ सेकंद.

फिजिओ_हिंगणघाट

लांबीच्या आकड्यावर फार विसंबू नका. खेळाडू कमरेतून आणि घोट्यातून जोर काढून लांब उडी मारतो, गुडघा आपल्या वाट्याचं काम टाळतो आणि ९५ टक्के येतात. म्हणून ताकदीची टेस्ट नापास असेल तर उडी पास झाली तरी नापासच.

एका पायावर सरळ वर उडी घ्या, ती जास्त खरं सांगते. मोबाइल जमिनीलगत ठेवून स्लो-मोशन, २४० फ्रेम. पाय सुटल्यापासून टेकेपर्यंतचा वेळ काढा. वेळेचा वर्ग गुणिले ९.८१ भागिले ८ म्हणजे उंची मीटरमध्ये. ०.४० सेकंद हवेत असेल तर ०.१९६, म्हणजे १९.६ सेंटिमीटर. ०.३४ असेल तर १४.२. वेळेत ०.०६ चा फरक, उंचीत चौथ्या हिश्शाहून जास्त. उतरताना गुडघे पोटाकडे ओढून हवेतला वेळ वाढवतात, तशी उडी बाद धरा.

समोरूनही व्हिडिओ हवा. उतरताना वाटी अंगठ्याच्या आत कोसळते का, कंबर एका बाजूला पडते का, खांदे तिरपे होतात का. मुलींमध्ये एसीएल तुटण्याचा धोका मुलांपेक्षा जास्त असतो, त्यामुळे आठही मुलींचा हा व्हिडिओ आताच काढून ठेवा, दुखापतीची वाट न बघता.

धाव१६००_वाशीम

एक गोष्ट राहिली. १९ वर्षांचा मुलगा म्हणजे पोलीस भरतीचाही विचार असणार. १६०० मीटर, १०० मीटर आणि ७.२६ किलोचा गोळा. बरीच पोरं सामना खेळत नाही म्हणून भरतीची तयारी सुरू करतात आणि पहाटे डांबरी रस्त्यावर रोज पाच किलोमीटर मारतात. गुडघा सुजतो तो तिथे.

ताकद ७० च्या वर आली की एक मिनिट पळणं, चार मिनिटं चालणं, असं सहा वेळा, एक दिवसाआड, मातीच्या रस्त्यावर. दुसऱ्या दिवशी सकाळी सूज आणि दुखणं तपासा. दोन्ही नसेल तर तेच दोनदा करून पुढे दोन मिनिटं पळणं, तीन चालणं. सूज आली तर दोन दिवस बंद आणि मागची पायरी. गोल मैदानावर पळाल तर दिशा बदलत जा, नाहीतर एकच गुडघा सतत वळणाच्या आत राहतो.

दमाची बेसलाइन म्हणून टीमला २० मीटरची बीप टेस्ट (बीपच्या वाढत्या तालावर २० मीटर ये-जा पळणं) ठीक आहे, पण ती सगळ्यात शेवटी आणि शक्यतो वेगळ्या दिवशी. बीपनंतर उड्या घेतल्या तर थकलेल्या मांडीचे आकडे मिळतात. दुखापतवाल्याला बीप नको, प्रत्येक २० मीटरला वळण आहे. त्याचं १६०० मीटर सरळ घ्या, तेही सहाव्या महिन्यानंतर. गोळाफेकीत शेवटी पायावर पीळ येतो, ती तर नवव्या महिन्याआधी नकोच.

क्रीडाशिक्षक_दारव्हा

सगळ्यांचे आभार. असं ठरवलंय. निरोगी खेळाडूंची पहिली टेस्ट पोळ्यानंतरच्या आठवड्यात, दुसरी त्यानंतर आठ दिवसांनी, बीप टेस्ट माती सुकल्यावर. मुलाच्या दोन्ही पायांची ताकद या रविवारी. पुढे १० ऑक्टोबर, २५ नोव्हेंबर आणि शेवटची १० जानेवारी. पास झाला तर २६ जानेवारीला उतरवतो. बरोबर?

फिजिओ_हिंगणघाट

१० ऑक्टोबर ऐन सोंगणीत येतो. त्याच्या घरी सांगा, आधीचे दोन दिवस थ्रेशर आणि पोती नकोत. नाहीतर सोंगणी झाल्यावर १८-२० तारखेला घ्या, आठवडाभर उशिराने काही बिघडत नाही.

२६ जानेवारी मात्र यादीतून काढा. १० जानेवारीला तो टेस्ट पास झाला तर त्या दिवशी त्याचा मैदानातला सराव सुरू होतो, सामना नाही. पहिला आठवडा एकट्याने: टो टच, बॅक किक, बोनस लाइनवर जाऊन वळणं, मोकळ्या मैदानात. दुसरा आठवडा एका बचावपटूसमोर, पकड न करता नुसता स्पर्श. तिसरा आठवडा ठरवून घोट्याची आणि मांडीची पकड, अर्ध्या जोराने, आधी चांगल्या पायावर. चौथा आठवडा पूर्ण सराव सामने, सुरुवातीला ५-५ मिनिटं. प्रत्येक आठवडा संपला की दुसऱ्या दिवशी सकाळी सुजेची ती लाटेची तपासणी. लाट उठली तर तो आठवडा पुन्हा. अडखळला नाही तर महाशिवरात्रीच्या सामन्यांत उतरू शकतो, तेही आधी बदली खेळाडू म्हणून.

शेवटच्या टेस्टच्या दिवशी एसीएल-आरएसआय ही पुन्हा खेळायची मनाची तयारी तपासणारी १२ प्रश्नांची यादीही भरून घ्या. घोटा पकडला जाईल याची भीती असलेला रेडर गुडघा ताठ ठेवून रेड करतो, आणि ताठ गुडघ्यावरच घात होतो. गुण कमी आले तर तिसरा आठवडा दोनदा करा.

आणि वहीत प्रत्येक आकड्यासमोर तारीख, वेळ, वजन, अनवाणी की बूट, पट्ट्याचं अंतर आणि मोजणाऱ्याचं नाव लिहा. काटा कोणाच्या घरून आणला तेही, पुढच्या वेळी तोच आणता यावा म्हणून. मापाला घ्यायच्या आधी त्याला २० किलोचं वजन लटकवून पाहा.